नव्या पीसीत सिरियल कार्ड दिसतं, कॉम नंबरही मिळतो, तरी व्हीएमसी ०८७ अलार्मवर का थांबते?

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत जॉबवर्कचं शेड आहे. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलची जुनी व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारं उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) आणि एक वजनकाटा, दोन्ही आजवर एकाच जुन्या पीसीला जोडलेले होते. तो पीसी बंद पडला. नव्या पीसीच्या मागे सिरियल पोर्टच नाही, म्हणून दोन पोर्टचं पीसीआय-एक्सप्रेस कार्ड आणून बसवलं. विंडोजमध्ये ते कॉम५ आणि कॉम६ असं दिसतं, पण डीएनसी (पीसीवरून मशीनला प्रोग्रॅम पाठवणाऱ्या) सॉफ्टवेअरच्या यादीत कॉम४ च्या पुढे काहीच नाही. नंबर बदलल्यावर लहान प्रोग्रॅम नीट जातात. मोठा प्रोग्रॅम ड्रिप-फीडने, म्हणजे मशीन चालू असताना थोडाथोडा करून, सोडला की मध्येच ०८७ येतो. शिवाय वजनकाटा जोडलेला ठेवून पीसी चालू केला की माउसचा बाण स्क्रीनभर पळत सुटतो. कार्ड बदलून आणावं का?

आणू नका. तुमच्या तीन तक्रारींची मुळं तीन वेगळ्या जागी आहेत, आणि तिन्ही सेटिंगने सुटतात. सिरियलच्या कामात लोक कॉम नंबर मिळाला की काम झालं असं धरतात. कॉम नंबर हे विंडोजने पोर्टला दिलेलं नुसतं नाव आहे. खरं काम त्याच्या खाली चालतं: चिपचा बफर (डेटा थोडा वेळ ठेवायची जागा), बॉड रेटचं (सेकंदाला किती बिट जातात त्या वेगाचं) क्लॉक, वायरिंग आणि अर्थिंग. यातली एकेक पायरी वेगळी तपासली तर दोष कुठे आहे ते तासाभरात कळतं. सगळं एकदम जोडून तपासलं तर आठवडा जातो आणि कार्ड, केबल, सॉफ्टवेअर अशी आळीपाळीने खरेदी होते.

आधी कार्ड बसवण्याबद्दल. पीसी बंद करून पॉवर केबल काढा, पॉवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा म्हणजे एसएमपीएसमधला (पीसीच्या पॉवर सप्लायमधला) उरलेला चार्ज जाईल, आणि कार्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. पीसीआय-एक्सप्रेस एक्स-१ चं कार्ड एक्स-४ किंवा एक्स-१६ च्या लांब स्लॉटमध्येही चालतं. जुनं पीसीआय कार्ड मात्र त्यात बसत नाही. ब्रॅकेटचा स्क्रू नक्की लावा. तो नसला तर डीबी-९ (९ पिनच्या सिरियल) कनेक्टरवर केबलचा ताण आला की कार्ड स्लॉटमध्ये तिरकं होतं, आणि कधी दिसतं कधी नाही असा दोष मागे लागतो. तो शोधायला सगळ्यात त्रासदायक.

कार्ड बसवण्याआधी त्यावरचे जंपर बघा. पुष्कळ कार्डांवर प्रत्येक पोर्टजवळ तीन पर्यायांचा एक जंपर असतो: आरआय, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट. डीबी-९ च्या ९ नंबरच्या पिनवर नेहमीचा रिंग इंडिकेटर सिग्नल ठेवायचा की बारकोड स्कॅनरसारख्या उपकरणाला वीज पुरवायची, हे त्यावर ठरतं. तुमच्या दोन्ही पोर्टांना जंपर आरआयवरच हवा. १२ व्होल्टवर राहिला आणि केबलमध्ये नऊच्या नऊ वायरी असल्या तर काट्याच्या इंडिकेटरमध्ये (वजन दाखवणाऱ्या खोक्यात) नको तिथे वीज घुसेल. जंपर बघितल्यावरही, केबल लावण्याआधी पिन ९ आणि पिन ५ मध्ये मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजा. तिथे ५ किंवा १२ दिसता कामा नये.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पीसीच्या मागे पोर्ट नसला तरी मदरबोर्डवर पुष्कळदा ‘कॉम’ असं छापलेला, दहापैकी एक पिन नसलेला हेडर असतो. त्यावर रिबन केबल लावून ब्रॅकेटवर डीबी-९ काढता येतो आणि एक पोर्ट फुकटात मिळतो. त्या रिबनची वायरिंग दोन प्रकारची मिळते. एकात हेडरची ५ नंबरची पिन डीबी-९ च्या ५ ला जाते, दुसऱ्यात हेडरची ९ नंबरची पिन डीबी-९ च्या ५ ला जाते. चुकीची रिबन लावली तर पोर्ट दिसतो, सॉफ्टवेअर तो उघडतं, पण एक अक्षरही जात नाही. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये ग्राउंड कोणत्या पिनवर आहे ते बघा आणि कंटिन्युटी लावून खात्री करा.

आता ड्रायव्हर. स्टार्टच्या बटणावर राइट-क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. कार्ड पिवळ्या खुणेसह दिसत असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमधला कोड वाचा, तो बरंच सांगतो. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला मान्य नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण डिव्हाइस सुरू झालं नाही. बहुधा दुसऱ्याच चिपचा ड्रायव्हर घातलेला असतो. खोक्यावरचं नाव बघून ड्रायव्हर शोधू नका, कारण एकाच नावाच्या खोक्यात वेगवेगळ्या चिपची कार्डं येतात. डिटेल्सच्या टॅबमध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. त्यात ‘व्हीईएन’ नंतरची चार अक्षरं चिप कुणाची ते सांगतात: १सी०० म्हणजे डब्ल्यूसीएच, ९७१० म्हणजे मॉसचिप, १४१५ म्हणजे ऑक्सफर्ड, १३ए८ म्हणजे एक्सार, १२५बी म्हणजे एएसआयएक्स. ड्रायव्हर त्या चिपवाल्याचाच घ्या. विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असेल तर काही जुने ड्रायव्हर लोडच होत नाहीत. तेव्हा ते संरक्षण बंद करण्याआधी नवा ड्रायव्हर मिळतो का ते बघा.

कॉम नंबर बदलणं सोपं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रॉपर्टीज, मग ‘पोर्ट सेटिंग्ज’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’. तिथे खाली नंबरांची यादी येते. कॉम३ पुढे ‘इन यूज’ लिहिलेलं दिसलं तरी तो खरोखर वापरात असेलच असं नाही. कधीकाळी लावलेला यूएसबी कन्व्हर्टर किंवा ब्लूटूथचा पोर्ट आपला नंबर अडवून बसलेला असतो. ‘व्ह्यू’ मेनूतून लपलेली डिव्हाइसेस दाखवा, फिकट दिसणारे जुने पोर्ट अनइन्स्टॉल करा, मग नंबर द्या. व्हीएमसीला कॉम३ आणि काट्याला कॉम४ द्या. कॉम१ मदरबोर्डच्या हेडरसाठी सोडा, तो उद्या लागेल. कॉम१० आणि पुढचे नंबर जुन्या सॉफ्टवेअरसाठी टाळलेलेच बरे, कारण विंडोजमध्ये दोन आकडी पोर्ट उघडायची पद्धत वेगळी आहे आणि जुन्या सॉफ्टवेअरांना ती माहीत नसते.

इथे एक गैरसमज दूर करतो. जुन्या आयएसए कार्डांच्या काळात कॉम१ म्हणजे पत्ता ३एफ८ आणि आयआरक्यू (प्रोसेसरचं लक्ष वेधणारी लाइन) ४, कॉम२ म्हणजे २एफ८ आणि आयआरक्यू ३, हे ठरलेलं होतं. कॉम३ आणि कॉम४ तेच दोन आयआरक्यू वाटून घेत, म्हणून मोडेम आणि माउस एकमेकांना अडवायचे. पीसीआय आणि पीसीआय-एक्सप्रेसमध्ये आयआरक्यू वाटून घेतला तरी चालतो, ती चिंता सोडा. पण कार्डाला कॉम१ हे नाव दिलं म्हणून ते ३एफ८ या पत्त्यावर जात नाही. तुमचं डीएनसी सॉफ्टवेअर डॉसचं असेल आणि थेट त्या पत्त्यावर लिहीत असेल तर नाव बदलून उपयोग नाही, आणि ६४-बिट विंडोजमध्ये ते उघडणारही नाही. तेव्हा डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ते चालवून त्याचा पहिला सिरियल पोर्ट खऱ्या कॉम३ ला ‘डायरेक्टसिरियल’ पद्धतीने जोडावा लागतो. वजनाच्या पावत्या किंवा छोटे प्रोग्रॅम असे चालतात. लांबच्या ड्रिप-फीडसाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

त्याच पोर्ट सेटिंग्जच्या टॅबवर ९६००, ८, नन, १ (बॉड, डेटाचे बिट, चूक ओळखणारा पॅरिटी बिट, अक्षर संपल्याचा स्टॉप बिट) असं लिहिलेलं असतं. ते बदलून बसू नका. सॉफ्टवेअर पोर्ट उघडताना स्वतःचं सेटिंग लावतं आणि इथलं बाजूला पडतं.

पुढची पायरी लूपबॅक, म्हणजे पोर्टने पाठवलेलं त्यालाच परत देऊन बघणं. केबल काढा, डीबी-९ च्या पिन २ आणि ३ एका छोट्या वायरने जोडा, टेराटर्म किंवा पुटी या टर्मिनल सॉफ्टवेअरमध्ये तो पोर्ट उघडा, लोकल एको (टाइप केलेलं सॉफ्टवेअरनेच दाखवणं) बंद ठेवा आणि टाइप करा. अक्षरं उमटली आणि वायर काढताच थांबली, तर ड्रायव्हर, चिप आणि पोर्टचा लाइन-ड्रायव्हर (सिग्नल वायरवर ढकलणारा भाग) तिन्ही चालू आहेत. वायर काढल्यावर पिन ३ आणि पिन ५ मध्ये डीसी व्होल्टेज बघा. पोर्ट नुसता उघडून ठेवलेला असताना तिथे उणे ५ ते उणे १२ च्या दरम्यान काहीतरी दिसायला हवं. आरएस-२३२ (सिरियल पोर्टची विद्युत पद्धत) मध्ये रिकामी लाइन ऋण व्होल्टेजवर बसते. शून्याजवळ दिसलं तर तो पोर्ट जळालेला आहे.

लूपबॅकची एक मर्यादा मात्र नीट समजून घ्या. पाठवणारं आणि घेणारं क्लॉक एकच असल्याने बॉड रेट चुकीचा असला तरी लूपबॅक पास होतो. मूळ सिरियल पोर्टचं क्लॉक १.८४३२ मेगाहर्ट्झ, त्याला १६ ने भागलं की ११५२०० येतात, आणि ९६०० साठी डिव्हायझर १२. काही कार्डांवर १४.७४५६ मेगाहर्ट्झचं क्लॉक असतं, म्हणजे नेमकं आठपट. ड्रायव्हर चुकीचा असेल तर तुम्ही ९६०० मागता आणि लाइनवर ७६८०० जातं. लूपबॅक सुंदर चालतो, मशीनवर मात्र कचरा येतो. याची तपासणी घड्याळाने करा. ४८,००० अक्षरांची टेक्स्ट फाइल ४८०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट अशी पाठवा. प्रत्येक अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरं आणि एकूण १०० सेकंद. बारा-तेरा सेकंदांत संपली तर ड्रायव्हर बदला.

आता केबल. फॅनुकच्या मशीनवर सहसा २५ पिनचा कनेक्टर असतो, आणि त्याच्या २५ नंबरच्या पिनवर २४ व्होल्ट येतात. म्हणून बाजारातली पंचवीसही वायरी असलेली तयार केबल त्यावर कधीच लावू नका. तीन वायरींची शील्डेड केबल घ्या आणि अशी जोडा:

पीसीची पिन २ मशीनच्या २ ला
पीसीची पिन ३ मशीनच्या ३ ला
पीसीची पिन ५ मशीनच्या ७ ला
मशीनच्या कनेक्टरमध्ये ४ आणि ५ एकत्र. ६, ८ आणि २० एकत्र
पीसीच्या कनेक्टरमध्ये ७ आणि ८ एकत्र. १, ४ आणि ६ एकत्र

२ ला २ आणि ३ ला ३ बघून वायरी उलट्या वाटतात, पण ९ पिनच्या कनेक्टरमध्ये पिन २ वर डेटा येतो आणि २५ पिनच्या कनेक्टरमध्ये पिन २ वरून डेटा जातो, म्हणून हे बरोबर आहे. मशीनच्या बाजूचे ६-८-२० जोडले नाहीत तर ०८६ येतो, म्हणजे समोरचं उपकरण तयार असल्याचा सिग्नल मिळत नाही. ०८५ आला तर बॉड, पॅरिटी किंवा स्टॉप बिट जुळत नाहीत. हे तीन अलार्म वेगळे ओळखता आले की अर्धी शोधाशोध वाचते, कारण ०८५ आणि ०८६ च्या वेळी प्रोग्रॅम सुरुवातीलाच अडतो, तर ०८७ मध्येच येतो. तुमचा मध्येच येतोय, याचा अर्थ वायरिंग आणि बॉड जागेवर आहेत.

०८७ म्हणजे बफर ओव्हरफ्लो. मशीनने ‘थांब’ म्हटलं आणि पीसी वेळेत थांबला नाही. फॅनुक आपला बफर भरत आला की एक्सऑफ, म्हणजे ‘थांब’ चं अक्षर, पाठवतं (‘पुढे पाठव’ साठी एक्सऑन). त्यानंतर साधारण दहा अक्षरांपर्यंत ते चालवून घेतं, त्यापुढे आलं की अलार्म. आता पीसीच्या बाजूने बघा. सिरियल चिपमध्ये फिफो नावाची रांग असते. १६५५० चिपमध्ये पाठवायची १६ अक्षरं त्या रांगेत उभी असतात. मशीनचा एक्सऑफ आला की ड्रायव्हर रांगेत नवीन अक्षर घालायचं थांबवतो, पण आधी उभी असलेली १६ च्या १६ बाहेर पडतात. मशीनला दहा चालतात, इथून सोळा जातात. नव्या कार्डांच्या चिपमध्ये ही रांग १२८ किंवा २५६ अक्षरांची असते. ‘एक्स१२.३४५ वाय-८.२१०’ अशी ओळ, शेवटच्या खुणा धरून, सतरा-अठरा अक्षरांची होते. म्हणजे २५६ अक्षरांच्या रांगेत चौदा-पंधरा ओळी बसतात, आणि ४८०० बॉडला ११ बिटांच्या अक्षराने (स्टार्ट १, डेटा ७, पॅरिटी १, स्टॉप २) ती रिकामी व्हायला अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो. मशीन ओरडून ‘थांब’ म्हणतंय आणि कार्ड अजून चौदा ओळी ढकलतंय, असं ते चित्र आहे. लहान प्रोग्रॅम अख्खा मशीनच्या बफरमध्ये मावतो, मशीनला ‘थांब’ म्हणायची वेळच येत नाही, म्हणून तो नीट जातो.

कार्ड विकताना मोठा फिफो हा गुण म्हणून सांगितला जातो, आणि जलद डेटा घेताना तो खरोखर गुण आहे. ११५२०० बॉडला दर ८७ मायक्रोसेकंदाला एक अक्षर येतं, तिथे रांग हवीच. ड्रिप-फीडला मात्र तोच मोठा फिफो नडतो. जुन्या पीसीत कुणीतरी कधीतरी फिफो बंद किंवा कमी करून ठेवला असणार. पीसीबरोबर ते सेटिंगही गेलं.

उपाय असा. कॉम३ च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ खिडकीत ‘यूज फिफो बफर्स’ ची खूण काढा. ड्रायव्हर ती खूण काढू देत नसेल तर ट्रान्समिट बफरची पट्टी अगदी डावीकडे, १ वर आणा. रिसीव्ह बफरची पट्टीही १ वर आणा, हे लोक विसरतात. एक्सऑफ हे एकच अक्षर असतं. रिसीव्हची पातळी १४ वर असली तर चिप ते एकटं अक्षर ड्रायव्हरला लगेच कळवत नाही, चार अक्षरांइतका वेळ वाट बघते. ४८०० ला तो वेळ ९ मिलिसेकंद होतो, आणि तेवढ्यात आणखी चार अक्षरं निघून गेलेली असतात. बदल केल्यावर पोर्ट एकदा डिसेबल करून परत इनेबल करा, किंवा पीसी रीस्टार्ट करा. चिपवाल्याच्या ड्रायव्हरमध्ये ही पट्टी वेगळ्या टॅबवर असू शकते, शोधा. तिथे चिपनेच एक्सऑन-एक्सऑफ सांभाळण्याचा पर्याय दिसला तर तो जास्त चांगला, कारण मग चिप रांगेसकट जागच्या जागी थांबते.

वेग कमी असल्याने फिफो बंद केल्याचा तोटा नाही. ४८०० ला दोन अक्षरांमध्ये २.२९ मिलिसेकंद असतात, आजच्या पीसीला तेवढे पुष्कळ. काट्याच्या पोर्टचा फिफो आहे तसा राहू द्या.

फिफो कमी करूनही ०८७ येत राहिला तर पॅरिटी बघा. फॅनुक सहसा ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट वापरतं. एक्सऑफचा आकडा १९. त्यात १ असलेले बिट तीन, विषम. म्हणून पॅरिटीचा बिटही १ होतो. पीसीवर पोर्ट ८ बिट आणि पॅरिटी नाही असा उघडला असेल तर तेच अक्षर १४७ म्हणून वाचलं जातं. ड्रायव्हर १९ ची वाट बघत असतो, १४७ आलेलं तो साधा डेटा समजतो आणि थांबत नाही. गंमत अशी की एक्सऑन म्हणजे १७. त्यात १ असलेले बिट दोनच, म्हणून तो बरोबर वाचला जातो. परिणाम असा की पाठवणं व्यवस्थित सुरू होतं पण थांबत कधीच नाही. पोर्ट ७, इव्हन, २ वर उघडा आणि फ्लो कंट्रोल फक्त एक्सऑन-एक्सऑफ ठेवा, हार्डवेअर फ्लो बंद. मशीनवर ०आय, १८, २१ या कंट्रोलमध्ये पॅरामीटर २० मध्ये चॅनेल ० असेल तर १०१ चा शेवटचा बिट १ म्हणजे दोन स्टॉप बिट, १०२ मध्ये ० आणि १०३ मध्ये बॉड: १० म्हणजे ४८००, ११ म्हणजे ९६००, १२ म्हणजे १९२००. बदलण्याआधी जुने आकडे कागदावर उतरवून घ्या. आधी ४८०० वर तासभर सलग चालवा, मग ९६०० वर न्या.

यूएसबी कन्व्हर्टर का नको, हेही यातून कळेल. त्यात स्वतःचा बफर असतो आणि एफटीडीआयच्या चिपमध्ये लेटन्सी टायमर (आलेला डेटा पीसीला देण्याआधी वाट बघायची वेळ) मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो. काट्याला तो चालेल. ड्रिप-फीडसाठी तुम्ही कार्ड घेतलं ते योग्यच केलं.

आता पळणारा माउस. काट्याचा इंडिकेटर ‘कंटिन्युअस’ मोडमध्ये वजनाचे आकडे सतत पाठवत असतो. विंडोज सुरू होताना सिरियल पोर्टवर कुणी बसलंय का ते चाचपतं, त्यावेळी आलेल्या आकड्यांना ते जुन्या सिरियल माउसचा सिग्नल समजतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या गटात ‘मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट’ नावाचं डिव्हाइस दिसेल. काट्याची केबल काढा म्हणजे बाण शांत होईल, मग त्या डिव्हाइसवर राइट-क्लिक करून ‘डिसेबल’ करा. ‘अनइन्स्टॉल’ करू नका, पुढच्या वेळी ते परत येतं. कायमचा बंदोबस्त हवा तर रजिस्ट्रीमध्ये सर्व्हिसेसखालच्या ‘सरमाउस’ चा ‘स्टार्ट’ आकडा ४ करा. सॉफ्टवेअरला जमत असेल तर त्याहून चांगलं म्हणजे इंडिकेटर ‘डिमांड’ किंवा ‘प्रिंट’ मोडवर टाकणं; मग मागितल्यावरच वजन येतं. काट्याला तीनच वायरी लागतात. कोणत्या पिनवरून तो पाठवतो हे माहीत नसेल तर काटा चालू करून, केबल पीसीपासून सोडवून, ग्राउंड आणि बाकीच्या दोन वायरींमध्ये व्होल्टेज मोजा. जिच्यावर ऋण व्होल्टेज असेल ती त्याची पाठवण्याची वायर. ती पीसीच्या पिन २ ला द्या.

पॉवर सेव्हिंगबद्दल दोनच वाक्यं. पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा आणि पीसीआय एक्सप्रेसचं ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करा. तीन तासांच्या ड्रिप-फीडमध्ये पीसी झोपला तर टूल जॉबमध्येच उभा राहतो आणि जागेवर खूण पडते.

अर्थिंगला मात्र वेळ द्या. शेडमध्ये पोर्ट जळतात ते बहुतेक इथे. पीसी ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर आहे त्याची अर्थ वायर तुटलेली असेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर शंभरेक व्होल्ट एसी तरंगत राहतात. हाताला हलकी झिणझिण लागते ती हीच. करंट थोडाच असतो, पण केबल लावताना ग्राउंडच्या आधी डेटाची पिन टेकली तर तो सगळा लाइन-ड्रायव्हरमधून जातो आणि पोर्ट संपतो. म्हणून केबल लावण्याआधी पीसीच्या डीबी-९ चं कवच आणि मशीनकडून आलेल्या केबलचा ग्राउंड यांच्यामध्ये एसी व्होल्टेज मोजा. एक-दोन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. दहा-वीस किंवा जास्त असेल तर आधी बोर्डाचं अर्थिंग दुरुस्त करून घ्या, पीसी आणि मशीन एकाच अर्थवर आणा. केबल लावताना आणि काढताना दोन्ही बाजू बंद ठेवा. पावसाळ्यात विजा होतात तेव्हा शेडबाहेरून येणारी काट्याची लांब केबल जास्त धोक्याची. त्या पोर्टवर ऑप्टो-आयसोलेटर (सिग्नल प्रकाशाने पार करून दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा) लावा. कार्ड एकदा जळलं तर त्यापेक्षा जास्त पैसे जातात.

केबल सर्व्हो आणि व्हीएफडीच्या (मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये नेऊ नका. निदान फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. शील्ड फक्त मशीनच्या बाजूला अर्थ करा. आरएस-२३२ ला १५ मीटरपर्यंत भरवसा धरा. काटा गेटपाशी चाळीस-पन्नास मीटरवर असेल तर दोन्ही टोकांना आरएस-४८५ चे कन्व्हर्टर लावा आणि ट्विस्टेड जोडी वापरा. १,२०० मीटरपर्यंत ते चालतं, लांब अंतराला दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लागतो.

आता क्रम असा ठेवा: कॉम३ वर लूपबॅक, मग शंभर सेकंदांची फाइल, मग अर्थिंगचं माप, मग केबल, मग फिफो १ वर, मग ७-इव्हन-२. स्पिंडल बंद ठेवून, टूल वर नेऊन, झेड लॉक करून मोठा प्रोग्रॅम ड्राय रनवर सोडा. ड्राय रनमध्ये मशीन बफर झपाट्याने रिकामा करतं, त्यामुळे ‘थांब’ ची वेळ क्वचित येते आणि चाचणी फसवी ठरते. म्हणून फीड ओव्हरराइड १० टक्क्यांवर आणा किंवा फीड होल्ड दाबून दोन मिनिटं थांबा, मग सायकल स्टार्ट करा. असं चार-पाच वेळा करूनही ०८७ आला नाही, तर जॉब लावायला हरकत नाही. लागू झालेले आकडे, म्हणजे कॉम नंबर, फिफोची पातळी, बॉड, पॅरिटी आणि १०१ ते १०३ चे पॅरामीटर, एका कागदावर लिहून मशीनच्या कंट्रोल पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढचा पीसी बदलताना ते तिथेच सापडतील.